बारा सेकंदांचा हिरवा दिवा

ज्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, तो समितीपुढे ठेवणं सभ्यपणाचं नव्हे. वाहतूक कार्यालयातल्या सांख्यिकाला हे ठाऊक नव्हतं, म्हणून पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, याचा त्याने प्रामाणिकपणे हिशेब मांडला.

'आर' या संगणकभाषेत त्याने एक फंक्शन लिहिलं. चालण्याचा वेग आणि पाऊल टाकण्याआधी थबकण्याचा वेळ सांगितला, की चोवीस मीटरचा रस्ता किती सेकंदांत ओलांडला जाईल ते बाहेर पडे. पहिले आकडे त्याने घरचेच घातले, आईचे. (वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून जुने.) उत्तर आलं चव्वेचाळीस.

"चव्वेचाळीस?" साहेब म्हणाले. "लोक गाडीत म्हातारे होतील हो! जरा वेग वाढवून बघा."

बघितला. "आणखी थोडा." असं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी सांख्यिक वैतागला आणि त्याने एकाच ओळीत हुकूम सोडला: अठ्ठावीस वेग, सहा प्रकारचं थबकणं, सगळ्या जोड्यांवर फंक्शन एका दमात चालव. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एकशे अडुसष्ट उत्तरं हजर, आठ सेकंदांपासून पंच्याऐंशीपर्यंत. आता तरी साहेबांना पटेल, असं त्याला वाटलं. भाबडाच बिचारा.

साहेबांचा चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात अभ्यास!" त्यांचं बोट यादीवरून घसरत बारावर टेकलं. (बारा सेकंद मागच्याच महिन्यात ठरले होते, फक्त अभ्यास व्हायचा राहिला होता.) ती ओळ क्षणभरही न थबकता सेकंदाला दोन मीटर धावणाऱ्या माणसाची होती. अहवालात त्याला 'सरासरी नागरिक' हे पद मिळालं.

"साहेब, पण माझी आई..."

"त्याही आहेत की यादीत," साहेब मायेने म्हणाले. "आपण कुणालाच वगळलेलं नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. सांख्यिकाने अहवालावर सही केली.

दिवा सुरू झाला त्या दिवशी आईला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. दोघं अर्ध्यावर पोचली नाहीत तोच लाल लागला. त्याने तिचा दंड घट्ट धरला.

"घाबरू नकोस रे," ती म्हणाली, "थांबतील. माणसंच आहेत."

तेवढ्यात हॉर्न वाजला.

आता तुम्ही म्हणाल, काय निर्दयी माणूस हा साहेब! पण साहेब तेव्हा कार्यालयात होते हो. हॉर्न तुम्ही वाजवलात.