वकीलबाईंचं संमतीपत्र

माणसाची खासगी माहिती ही त्याची मौल्यवान मालमत्ता आहे, आणि मालमत्तेवर जितकी जास्त माणसं लक्ष ठेवतील तितकी ती सुरक्षित राहते. या बाबतीत नळदुर्गची व्यवस्था अत्यंत समाधानकारक आहे. इथं कोणाची माहिती हरवल्याची तक्रार आजवर आलेली नाही. एखाद्याला रक्तदाब सुरू झाला, की त्याची एक प्रत पिठाच्या गिरणीत, एक बसस्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर आणि एक वीरप्पाच्या झेरॉक्सच्या दुकानात जमा होते. मूळ माणूस गोळी घ्यायला विसरला, तरी गाव आठवण करून देतं.

या व्यवस्थेत महादेवी एकवीस वर्षं नांदत होती. तुळजापूरच्या कोर्टात तिची एकोणीस वर्षं वकिली झालेली. बांधाचे, वाटणीचे, पाणंदीचे दावे. नवरा गौरीशंकर हायवेवर मोटारपंपांचं दुकान चालवायचा आणि सासू इरम्मा घर चालवायची. सगळं ठीक चाललं होतं. पण गल्लीतल्या चन्नम्मानं एक दिवस रक्त तपासायला दिलं.

रिपोर्ट संध्याकाळी मिळायचा होता. दुपारी दोनपर्यंत सात बायका तिच्या दारात कारली ठेवून गेल्या. चन्नम्माला वाटलं, बाजारात कारली फार आली असावीत. चौकशी केल्यावर कळलं की लॅबवाल्यानं तिचा रिपोर्ट चुकून ‘आपलं नळदुर्ग’ या ग्रुपवर टाकला होता. चूक लक्षात येताच त्यानं तो तत्परतेनं काढला आणि खाली लिहिलं, ‘चन्नम्माचा शुगरचा रिपोर्ट कृपया कोणी बघू नये.’ (ज्यांनी तोवर बघितला नव्हता, त्यांनी मग शेजाऱ्याच्या फोनवर बघितला.)

चन्नम्मा तडक महादेवीकडं आली. “वकीलबाई, माझी साखर मला कळायच्या आधी गावाला कशी काय कळली? ह्याच्यावर केस बसती का न्हाय?”

बांधावरची बाभूळ कोणाच्या मालकीची, हे महादेवी झोपेतही सांगू शकली असती. चन्नम्माची साखर कोणाच्या मालकीची, हे तिला सांगता येईना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच एक पक्षकार तिच्या दारातून उत्तर न घेता परत गेली, आणि ते तिला लई लागलं. दिल्लीनं माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा केलाय एवढं तिला माहीत होतं. तिनं एका विधी महाविद्यालयात, विदा व खासगीपणा हा खास विषय घेऊन, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचं ठरवलं.

“डेटा सांभाळायला शिकायचं?” गौरीशंकर म्हणाला. “रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो. सांभाळायचा कुठला?”

प्रवेश अर्ज चौदा पानी होता. खासगीपणाचं मोल विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्याच दिवशी ठसावं म्हणून, अर्ज भरून झाल्यावर त्याच्याकडं खासगी काहीही उरणार नाही याची पूर्ण काळजी त्यात घेतली होती. रक्तगट, पोटजात, डाव्या अंगठ्याचा ठसा, वडिलांचं चालू उत्पन्न (वडील जाऊन बारा वर्षं झालेली, पण रकाना रिकामा सोडल्यास अर्ज बाद). शिवाय शिक्षणात खंड का पडला याचं गॅप प्रमाणपत्र. एकोणीस वर्षांची वकिली हा कॉलेजच्या लेखी खंड होता. महादेवीनं मुकाट्यानं चौदा ठिकाणी सह्या केल्या. झेरॉक्स वीरप्पानं काढल्या. तो प्रत्येक कागद आधी वाचायचा, मग मशीनवर ठेवायचा; प्रत पुसट आली तरी मजकूर कुठंतरी शिल्लक राहावा, हा त्यामागचा उदात्त हेतू.

एक कागद मात्र तिनं वीरप्पाला दाखवला नाही. दहावीचं प्रमाणपत्र. त्याची झेरॉक्स तिनं तुळजापूरला, वकिलांच्या खोलीतल्या मशीनवर स्वतः काढली. त्याला कारण होतं. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी तिचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, कारण मुलगा तिच्यापेक्षा वर्षानं लहान निघाला होता. गौरीशंकरला आपण वर्षानं मोठे आहोत याचा फार अभिमान. कुठलाही वाद निकाली काढायचा तर तो म्हणायचा, “तुझ्यापेक्षा एक पावसाळा जास्त बघितलाय मी.” एकवीस वर्षं महादेवीनं तो पावसाळा त्याच्याकडं राहू दिला. (आधार कार्डाची भीती नव्हती. त्यावरचा फोटो बघितल्यावर पुढं वाचायची हिंमत कोणी करत नाही.)

वर्गात पहिल्या दिवशी ती शिरली तेव्हा सगळी मुलं उभी राहिली. प्राध्यापकही उभे राहिले. त्यांना वाटलं तपासणी समिती आली. पुढं सवय झाली. शनिवार-रविवार एसटीनं जाणं, इतर दिवशी कोर्ट, पहाटे वाचन. संमती म्हणजे काय, यावरचा एक ग्रंथच चारशे पानांचा होता. दुसऱ्या सत्राच्या शेवटी चन्नम्मानं आपली तक्रार मागं घेतली. गावात तिला कोणी साखरेचा चहाच देईना. लग्नाच्या पंगतीत वाढपी तिच्या पानासमोरून जिलबी घेऊन पळायचे. परिणामी साखर उतरली. “आता कशाला केस?” ती म्हणाली. “लॅबवाल्याच्या हाताला गुण हाय, वकीलबाई.”

ज्या कारणासाठी शिकायला घेतलं ते कारण असं निकालात निघालं. पण प्रबंध बाकी होता. विषय: ‘निमशहरी नागरिकांचा वैयक्तिक माहिती देण्याविषयीचा संकोच’. दोनशे नागरिकांना भेटायचं, आधी संमतीपत्रावर सही घ्यायची, मग प्रश्न विचारायचे.

सुरुवात हायवेवरच्या ढाब्यापासून झाली. ढाबेवाले रेवणप्पा ओळखीचे. तिनं पिशवीतून कागद काढेपर्यंत त्यांनी आपलं मूळव्याधीचं ऑपरेशन, भावाशी तुटलेलं बोलणं, आणि एटीएमचा पिन (विसरायला नको म्हणून ढाब्याच्या पाटीवरच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे) एवढं सांगून टाकलं.

“काका, आधी इथं सही करा.”

रेवणप्पांचा चेहरा उतरला. “सही? सही कशाला?”

“तुमची माहिती मी वापरली तर चालेल म्हणून.”

“माहिती वापर की! लागली तर अजून सांगतो. सही न्हाय होणार, पोरी. सहीनं माणूस अडकतो.”

दोनशे नागरिकांपैकी जवळपास सगळ्यांनी हेच केलं. एकशे चौऱ्याण्णव जणांनी सर्व काही सांगितलं आणि सही नाकारली. उरलेल्या सहांपैकी चौघांनी सही केली, पण दुसऱ्याच्या नावाची. दोघांनी स्वतःच्या नावाची केली, आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन खोडून गेले. महादेवीनं निष्कर्ष लिहिला: या भागात सही हीच एकमेव खासगी बाब मानली जाते. मार्गदर्शकांनी तो मूलगामी ठरवला, आणि महादेवी पहिली आली.

कॉलेजनं आनंदाच्या भरात गुणवत्ता यादी संकेतस्थळावर लावली. यादी परिपूर्ण होती: नाव, पत्ता, मोबाइल, प्रवर्ग, गुण, जन्मतारीख. ती गावात पोचली, आणि शिवपुत्र नावाच्या एका होतकरू कार्यकर्त्यानं बसस्टँडपाशी पंधरा फुटी फ्लेक्स लावला. ‘नळदुर्गची शान’. चूक नको म्हणून त्यानं यादीतला एकही रकाना सोडला नव्हता. सोलापूरहून हैदराबादला जाणारे ट्रक तिथं वळणावर हळू होतात. संध्याकाळपर्यंत महादेवीचं वय दोन राज्यांच्या सीमा ओलांडून गेलं. (कायद्याच्या भाषेत याला सीमापार हस्तांतरण म्हणतात. त्यावर तिला शंभरपैकी ब्याण्णव गुण होते.)

गौरीशंकर हार घेऊन फ्लेक्सपाशी गेला होता. परत आला तेव्हा हार हातातच होता. घराच्या पुढच्या सोप्यात बसला. चपला काढायचं त्याला सुचलं नाही.

“म्हणजे तू मोठी.”

इतक्या वर्षांच्या वकिलीत महादेवीकडं असं एकही प्रकरण आलं नव्हतं ज्यात तिला तारीख मागून घेता आली नाही.

“अव्वा,” तो आईकडं वळला, “तुला ठाऊक हुतं?”

इरम्मा ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला नाही. “साखरपुड्यादिवशीच. हिच्या आईनं सांगितलं मला. लई रडत हुती बिचारी.”

“आन् तेवीस वर्षं बोलली न्हाईस?”

“माझी गोष्ट हाय का ती? तिची हाय. तिला सांगू वाटंल तवा सांगंल. म्या कोण मधी बोलणारी?”

इरम्माला सही येत नव्हती. चारशे पानांच्या त्या ग्रंथाला जे सांगायचं होतं ते तिनं चार वाक्यांत सांगितलं आणि एक खडा वेचून बाजूला टाकला. महादेवी तिच्याजवळ जाऊन बसली, सूप स्वतःकडं ओढलं. बराच वेळ तिला खडे दिसेनात.

“म्हणजे मी तेवीस वर्षं धाकटा हुतो,” गौरीशंकर म्हणाला.

“व्हय.”

“आन् मोठा म्हणून जे जे सांगितलं, ते तू कधी ऐकलंस?”

“एकदाबी न्हाय.”

त्यानं थोडा विचार केला. “मग काय फरक पडत न्हाय,” तो म्हणाला, उठला, तिच्या गळ्यात हार घातला आणि शिडी घेऊन बसस्टँडकडं गेला. जन्मतारखेवर त्यानं पांढरा कागद चिकटवला. गावात तोवर ती तारीख फारशी कोणी वाचलेली नव्हती. कागद बघून मात्र शंभर-दीडशे माणसं जमली, आणि ‘खाली काय असंल’ यावर सविस्तर चर्चा होऊन तो कागद सर्वानुमते काढण्यात आला.

महादेवीनं कॉलेजला कायदेशीर नोटीस पाठवली. नव्या पदवीनंतरचं हे तिचं पहिलंच काम. आठ दिवसांत उत्तर आलं: आपण प्रवेश अर्जाच्या पान अकरावर या प्रसिद्धीला संमती दिलेली आहे, सोबत आपल्या सहीची प्रत जोडली आहे. खाली नेहमीप्रमाणं ‘प्रत माहितीसाठी सर्व विद्यार्थी’ असं होतं. तिनं पान अकरा प्रथमच वाचलं. सही तिचीच होती, खाली दोन टिंबं देऊन केलेली, ठसठशीत. रेवणप्पांना तिनं मनातल्या मनात हात जोडले.

आता प्रश्न उरला वाचकाचा. जन्मतारीख इथं दिलेली नाही. तरी लग्नाची वर्षं, वकिलीची वर्षं, असं जोडून त्यानं बोटांवर काहीतरी आकडा काढलाच असेल. तो बरोबर आहे का, हे विचारायला नळदुर्गला येऊ नये. इरम्मा सांगणार नाही. वीरप्पा सांगेल, पण तो आधी तुमचं वय विचारेल, मग पगार, मग घरात कोणाला काय दुखणं आहे ते, आणि चहा येईपर्यंत तुम्ही सगळं सांगून मोकळे झालेले असाल.