विहीणबाईंची नऊ ट्यूलिपं

हरालांबीने आगगाडीत बसल्यापासून चौथ्यांदा ट्यूलिपं मोजली. नऊच्या नऊ होती. मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसा तो गुच्छ घेऊन बसला होता.

"अहो, मोजून मोजून सुकवाल ती," त्याची बायको वेतुरिया म्हणाली.

"अगं, सम फुलं मढ्याला, विषम जित्याला. एक जरी इकडचं तिकडं झालं, तर लग्न ठरवायला नाही, मयताला आल्यासारखं होईल."

खिडकीशी त्यांची लेक स्मरांदा नखं खात बसली होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, तुदोरची आई अग्लाया आज तिला पहिल्यांदाच बघणार होती, आणि बाई भारी शकुन-अपशकुनाची. मार्चच्या पहिल्या नऊ दिवसांतला एक दिवस जो तो आपला म्हणून धरतो. तो जसा जाईल तसं वर्ष जातं. अग्लायाबाईंनी नेमका आजचा धरला होता. गेल्या वर्षी याच दिवशी कुणी तरी कार्नेशनची चार फुलं आणली, तर बाईंनी ती पाहुण्यासकट जिन्यावरून परत पाठवली होती. "बाबा, तिनं नाही म्हटलं, तर तुदोर आईपुढं ब्रसुद्धा काढायचा नाही," स्मरांदाने निघतानाच बजावलं होतं.

तिकीट तपासायला बाई आली. छातीवर मार्चमध्ये बायका लावतात तो लाल-पांढरा गोंडा, चेहऱ्यावर वैताग. आज आठ मार्च, बायकांचा दिवस! हरालांबीतला रसिक जागा झाला आणि त्याने ऐटीत एक ट्यूलिप काढून तिच्या हातात ठेवलं. बाई लाजली, पुढे गेली, आणि हरालांबीला घाम फुटला.

"आठ!" वेतुरियाने कपाळावर हात मारला. "अक्कल गहाण टाकलीत काय?"

"थांब गं, एक कमी केलं की झालं." त्याने समोरच्या म्हातारीला एक दिलं. सात. पण म्हातारीशेजारी तिची नणंद होती.

"हिला फूल, आणि मी काय ओंडका आहे का?" नणंद फणकारली.

तिलाही द्यावं लागलं. सहा. आता आणखी कोण बाई आहे म्हणून हरालांबी डब्यात शोधू लागला, तेव्हा वेतुरियाचा आवाज चढला. "सव्वीस वर्षं संसार केला. सगळ्या डब्याला वाटा हो, फक्त घरची नका पाहू!"

त्याने मुकाट्याने तिला एक दिलं आणि तिने लगेच देठ मोडून ते केसांत खोचलं. पाच. पाचही काही वाईट नाहीत, अशी त्याने मनाची समजूत घातली.

सुचावाला उतरले, तर स्टेशनाबाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. फुलवालीच्या बादल्या पालथ्या पडलेल्या.

"चार तरी फुलं द्या हो, गुच्छ नऊचा करायचाय."

"दुपारीच संपलं सगळं, साहेब. सकाळपासून हजारभर बायकांसाठी फुलं बांधली, पण मला म्हणून कुणी एक दिलं नाही."

हरालांबीने मान वळवली, तोवर वेतुरियानेच डोळे पुसत गुच्छातलं एक उपसून तिला दिलं होतं. चार! टॅक्सीवाला मात्र आपणहून मदतीला आला. "बायकोसाठी काही घेतलं नाही, साहेब. आज घरात घेणार नाही ती." हरालांबीने आनंदाने एक त्याला दिलं. तीन.

अग्लायाबाईंच्या इमारतीच्या दारात एक शेजारीण बाकावर बसली होती. "अगंबाई, माझ्यासाठी?" म्हणत तिने एक काढूनसुद्धा घेतलं. उरली दोन. स्मरांदा रडकुंडीला आली. हरालांबीने इकडेतिकडे पाहिलं आणि एक ट्यूलिप भिंतीवरच्या टपालपेट्यांच्या रांगेतल्या एकीत कोंबलं.

"अहो, कुणाची पेटी ती?"

"कुणाची का असेना, चल वर!"

दार अग्लायाबाईंनीच उघडलं. काळा झगा, ताठ मान. हरालांबीने वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि ते एकुलतं एक फूल पुढे केलं. बाईंनी फुलाकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"एवढ्या लांबून आणलंत," त्या म्हणाल्या. "जड झालं असेल."

त्यांच्यामागे उभा असलेला तुदोर भिंतीकडे बघू लागला. स्मरांदाची मान खाली गेली. पण बायकांच्या दिवसाची रीत ती रीत. अग्लायाबाईंनी आतून हायसिंथचा गुच्छ आणला आणि वेतुरियाच्या हाती दिला. दिवसभराच्या सवयीने हरालांबीचे ओठ हलू लागले. सहा, सात, आठ... पुन्हा मोजली. आठच!

त्याचे हलणारे ओठ बाईंनी पाहिले. त्यांनीही मोजली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"नऊ होती हो! शप्पथ! सकाळी पोस्टातली पोरगी आली, गारठलेली, आणि फुलांकडं बघत राहिली. नाही म्हणवेना."

"बाई," हरालांबी हात जोडून म्हणाला, "आमचीही नऊच होती." आणि त्याने गाडीपासून टपालपेटीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"टपालपेटी कितवी?" बाईंनी विचारलं.

"डावीकडून दुसरी."

"माझीच की!" म्हणत त्या इतक्या हसल्या, की भिंत धरावी लागली. मग डोळे पुसून त्यांनी वेतुरियाच्या गुच्छातून एक हायसिंथ काढलं. "सात राहिली. आता ठीक," असं म्हणून त्या स्मरांदाकडे वळल्या. बाईंनी ते फूल तिच्या हातात ठेवलं.

"मोजून घे, सूनबाई. एकच आहे."