रामेन न खाणारे मोघेकाका

मोघेकाकांनी सहा वर्षं रामेनवर माहितीपट काढला आणि त्या सहा वर्षांत रामेनचा एक घोटही घेतला नाही. ते शाकाहारी. शाकाहारी म्हणजे अंडं घातलेला केकही लांबून बघणारे. आणि विषय निवडला तो डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेल्या रश्श्यातल्या नूडल्सचा. जपानी माणसं ज्याला आपलं म्हणतात ते रामेन मुळात चिनी लोकांनी बोटीवरून इकडे जपानात आणलं, हे त्यांना कुठेतरी कळलं आणि तेव्हापासून ते एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागले. पहिला वाडगा कोणी केला?

आम्ही टोक्योजवळ ग्योतोकुला एकाच इमारतीत राहायचो, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत ते टेस्टिंगला होते. सगळी नोकरी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यात गेलेली. त्यामुळे कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात बरोबर असू शकते, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. कचऱ्याची पिशवीसुद्धा खाली नेण्याआधी ते पुन्हा उघडून बघायचे, जाळायच्या कचऱ्यात प्लास्टिक तर नाही ना. माहितीपटाच्या प्रत्येक शॉटला नंबर होता, वहीत तक्ता होता आणि बहुतेक शॉटपुढे एकच शेरा असायचा, "अजून पास नाही." काकू मुलाच्या दहावीसाठी पुण्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. मुलाचं लग्न झालं तरी काका इथेच होते.

खायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी मला धरलं. मी मालवणची, सगळं खाते. शिवाय इथे लहान मुलांच्या नर्सरीत काम करून करून माझं जपानी बऱ्यापैकी झालेलं. दर शनिवारी दुपारी आमची वरात स्टेशनमागच्या चिन-सानच्या रामेनच्या दुकानात जायची. सात खुर्च्यांचं दुकान, पलीकडे चुलीशी एकटे चिन-सान. ऐंशीच्या घरातले. त्यांचे आजोबा चीनमधल्या कँटनहून योकोहामाला आले आणि बंदरावर गाडी लावून नूडल्स विकायला लागले, ही त्यांच्या घराण्याची कथा. काका कॅमेऱ्याची तिवई लावणार, दिवा सरकवणार, माझ्यापुढचा वाडगा ओढून त्याचे आठ-दहा शॉट घेणार, मग तो परत माझ्यापुढे सरकवून वही उघडणार.

"कशी आहे चव? नेमकं सांग."

छान म्हटलेलं चालायचं नाही. खारट म्हटलं की किती खारट. एकदा मी वैतागून म्हटलं, आमच्या आईच्या मटणाच्या रश्श्यात दालचिनी विसरली तर लागेल तशी. त्यांनी शांतपणे ते लिहून घेतलं आणि खाली टीप जोडली, आईचा रस्सा, पडताळणी बाकी.

चिन-सानशी ते ऑफिसच्या ईमेलमधलं जपानी बोलायचे. त्यांना तेवढंच येत होतं. दारातून आत शिरतानाच, "आपल्या नेहमीच्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत," आणि निघताना, "पुढील कामातही आपला पाठिंबा लाभावा." चिन-सान हातातला झारा बाजूला ठेवून तितक्याच गंभीरपणे वाकायचे आणि काकांपुढे सातूचा चहा ठेवायचे. त्यांचं स्वतःचं बोलणं मात्र तोंडातल्या तोंडात असायचं. काकांना त्यातलं निम्मंही कळायचं नाही. उरलेलं मी सांगायचे, माझं लक्ष असलं तर.

पहिला वाडगा कोणी केला, हे काकांनी त्यांना किती वेळा विचारलं असेल त्याला गणती नाही. एकदाच त्यांनी सरळ उत्तर दिलं. आजोबा म्हणायचे, पहिला कोणी केला ते जाऊ दे, गिऱ्हाइकाने शेवटच्या घोटापर्यंत संपवला की तो आपला. काकांनी हे त्यांच्याकडून सहा वेळा म्हणवून घेऊन शूट केलं. सहाही वेळा पास नाही.

"सिनेमा कधी दाखवणार?" हे मात्र चिन-सान दर शनिवारी विचारायचे. भिंतीवर आजोबांचा एक पिवळा पडलेला फोटो होता. तो पडद्यावर कसा दिसतो ते त्यांना बघायचं होतं, बाकी इतिहासाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. काका मान खाली घालून म्हणायचे, थोडंसंच राहिलंय. मीही काही कमी नव्हते. काकांचं निवेदन मराठीत, त्याला पडद्याखाली जपानी अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, मी लावून देणार होते. दिवाळीनंतर करते म्हटलं, त्यावर दोन दिवाळ्या गेल्या.

गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी चिन-सानने वाडगा माझ्यापुढे न ठेवता काकांपुढे ठेवला. काकांना वाटलं, शूटिंगसाठी. त्या दिवशी उजेड चांगला होता, म्हणून त्यांनी वीस मिनिटं घेतली. मी फोनवर मुलीच्या पोहण्याच्या क्लासचं काहीतरी निस्तरत होते. मग काकांनी नेहमीप्रमाणे वाडगा माझ्याकडे सरकवला. नूडल्स फुगल्या होत्या, रस्सा कोमट झाला होता. मी निम्मं खाल्लं आणि तसंच ठेवलं. चिन-सान जरा वेळ वाडग्याकडे बघत उभे राहिले, मग तो उचलून मोरीत ओतला. त्या दिवशी त्यांनी सिनेमाचं विचारलं नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

जानेवारीत दुकान उघडलंच नाही. शेजारच्या लाँड्रीवाल्या बाईंनी सांगितलं की नव्या वर्षाला ते लेकीकडे ओसाकाला गेले होते आणि तिथेच वारले. काका दाराशी उभे राहिले आणि बंद शटरला वाकून, आपल्या नेहमीच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत, म्हणाले. एरवी मला हसू आलं असतं.

मार्चमध्ये काका निवृत्त होऊन कायमचे पुण्याला जाणार होते. जाण्याआधी त्यांनी सगळं चित्रीकरण माझ्या हवाली केलं. आता उलटं काम होतं, चिन-सानच्या बोलण्याला मराठी अक्षरं लावायची. मी तो डिसेंबरातला शेवटचा शनिवार लावला. वाडगा, वाफ, काकांचा दिवा सरकवतानाचा आवाज. आणि त्या सगळ्याच्या मागून चिन-सान, नेहमीसारखे तोंडातल्या तोंडात. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"हे मोघे-सानचं. मांस नाही घातलेलं. नुसतं समुद्राचं शेवाळ आणि अळंबी. दोन दिवस करत होतो."

मग पुन्हा दिवा सरकवल्याचा आवाज. मग, "गार होईल." आणि त्यावर माझा आवाज, फोनवर कुणाला तरी पोहण्याच्या टोपीचा रंग सांगणारा.

मी अक्षरं लावली आणि लॅपटॉप घेऊन वर गेले. घरात खोकी बांधून ठेवलेली होती. काकांनी चष्मा लावून तो तुकडा पाहिला. तीनदा पाहिला. मी म्हटलं, काका, चूक माझी आहे, मी लक्ष द्यायला हवं होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सिनेमा चार वर्षांपूर्वीच झाला होता गं," ते म्हणाले. "सगळे शॉट पास होते. पण मग शनिवारी मी कुठे जाणार होतो?"

त्यांनी उठून एक खोकं सोडलं, वही काढली आणि तो शनिवार उघडला. त्या दिवशी मी सांगितलेली चव तिथे एकाच शब्दात होती, "नेहमीसारखी." काकांनी ती ओळ खोडली, पेन हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कशी होती चव? नेमकं सांग."

ते वाट बघत राहिले. मी खूप आठवून पाहिलं. फुगलेल्या नूडल्स आठवत होत्या, टोपीचा रंग आठवत होता. चव काही केल्या आठवेना.