रुळाच्या तुकड्याचं हायस्कूल

हायस्कूल म्हणजे काय, हे पळसदरीपासून खोपोलीपर्यंत माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. शेहेचाळीस साली मी इंग्रजी तिसरी पास होऊन चौथीत गेलो होतो, आणि आमच्या गावातून रोज गाडीनं कर्जतच्या हायस्कुलात जाणारा मी एकटाच होतो. त्यामुळे मराठी चौथी झालेली तीन पोरं यंदा इंग्रजी पहिलीत जायची आहेत असं कानावर येताच मी जाहीर करून टाकलं, "सुट्टीभर ती माझ्यावर सोडा. हेडमास्तरांनी विचारलं पाहिजे, ही पोरं आधी कुठल्या हायस्कुलात होती!"

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली काही माणसं अजून माझ्यावर रागावलेली आहेत.

पोरं तीन. पोशा, धाऊ आणि सुंदरा. पोशा आणि धाऊ हायस्कुलात जाणार होते कारण घरात बसून ते कुणालाच नको झाले होते. सुंदराचं तसं नव्हतं. ती चौथीत पहिली आली होती, पण आमच्या गावची एकही मुलगी तोवर हायस्कुलाची पायरी चढली नव्हती. तिचा बाप मालोजी मला गाठून म्हणाला, "भाऊ, एक डाव धाडतो. हेडमास्तरानं घेतली तर शिकंल. नाय घेतली तर शेतावर. मंग पुन्यांदा हायस्कुलाचं नाव नाय काडायचं."

प्रवेशाची परीक्षा जूनच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाला होती. जो त्या वेळी हजर नाही, त्याला त्या वर्षी जागा नाही.

"तुम्ही काळजी सोडा," मी म्हणालो. मालोजीनं ती सोडली नाही. माणूस शहाणा होता.

आता मराठी शाळेत आणि हायस्कुलात फरक काय? मराठी शाळेत सकाळी येतो तोच मास्तर संध्याकाळी जातो. हायस्कुलात दर चाळीस मिनिटांनी घंटा होते, विषय बदलतो आणि मास्तरही बदलतो. ही सवय लावणं महत्त्वाचं. मास्तर मी एकटाच होतो, पण वडील तलाठी असल्यामुळे आमच्या खुंटीवर डोक्यावर घालायच्या वस्तू भरपूर होत्या. काळी टोपी म्हणजे गणिताचे मास्तर. वडिलांचा लग्नातला फेटा म्हणजे इतिहास-भूगोलाचे. मामा विसरून गेला होता ती साहेबी हॅट म्हणजे इंग्रजीचे. घंटा झाली की पोरांनी ताडकन उभं राहायचं, मी डोकं बदलायचं, पोरांनी खाली बसायचं. शिस्त अशी की, काळी टोपी समोर असेपर्यंत गणिताशिवाय तोंडातून अक्षर काढायचं नाही. पोशाला एकदा भूगोल सांगताना शिंक आली, तीसुद्धा मी फेटा उतरेपर्यंत थांबवायला लावली.

राहिली घंटा. ती मला स्टेशनावरच्या बुधाजी पोर्टरनं दिली. स्टेशनामागे पडलेला रुळाचा हातभर तुकडा आणि एक जुना हातोडा. हे त्यानं नंतर कधीच कबूल केलं नाही. तुकडा मी मारुतीच्या देवळापुढच्या उंबराला टांगला आणि पहिला ठोका दिला. आवाज असा खणखणीत निघाला की माझ्याच अंगावर काटा आला.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की बुधाजी फलाटावर टांगलेला रुळाचा तुकडा वाजवी. तिथून बरोबर नऊ मिनिटांनी गाडी येई. गावातून स्टेशन सात मिनिटांवर. म्हणून घंटा झाल्याशिवाय कुणी घरातून पाऊल उचलत नसे, आणि झाल्यावर कुणी घरात थांबत नसे. पोटची पोरं हाका मारून उठली नसती, पण त्या घंटेला आजारी माणूसही उठून बसायचा.

माझ्या हायस्कुलाची पहिली घंटा झाली आणि चंद्राबाई करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनाकडे धावली. तिच्यामागे आणखी सातजण. अर्ध्या तासानं सगळे घाम पुसत परत आले. तेवढ्यात इतिहासाची घंटा झाली. सगळे पुन्हा धावले. इंग्रजीच्या घंटेला तर लग्नाला निघालेलं एक वऱ्हाड नवरदेवासकट पळालं, आणि फलाटावर बुधाजीला घेरून त्यांनी विचारलं, "गाडी कुटं लपवलीस रं?"

बुधाजी तणतणत उंबराखाली आला. "आरं, माजी घंटा सरकारी हाय! तुजी कसली?"

"माझी शैक्षणिक आहे," मी हॅटमधून म्हणालो.

शेवटी गावानंच तोड काढली. आमचं हायस्कूल दहाला भरायचं, म्हणजे नऊ दहाची कर्जतची गाडी गेल्यावर. संध्याकाळच्या गाडीआधी ते सुटायचं. तेव्हा नियम सोपा ठरला. विष्णू, म्हणजे मी, उंबराखाली असेल तर घंटा हायस्कुलाची, नसेल तर गाडीची. आठवड्याभरात गाव त्यात इतकं रुळलं की चंद्राबाई मला म्हणाली, "इंग्रजीच्या घंटेला भात चडवते आन गणिताच्या घंटेला उतरवते. येकदा करपला नाय बग." माझी छाती फुगली. पोरांच्या आधी गावच हायस्कुलात गेलं होतं.

आणि तो सोमवार आला.

सकाळी साडेआठला मी तिन्ही पोरांना उंबराखाली जमवलं. धुतलेले कपडे, तेल लावलेली डोकी, बगलेत पाट्या. सुंदराच्या वेण्या तिच्या आईनं इतक्या आवळल्या होत्या की तिच्या भुवया वर गेल्या होत्या. मालोजी नवं धोतर नेसून उभा होता. निरोप द्यायला आणि बाजाराला म्हणून गावही टोपल्या, कोंबड्या घेऊन भोवती बसलं होतं. गाडीची घंटा होईपर्यंत वेळ होता, म्हणून मी हॅट घालून इंग्रजीची शेवटची उजळणी घेऊ लागलो.

घंटा झाली.

पोरं ताडकन उभी राहिली. मी हॅट काढली, काळी टोपी घातली. पोरं खाली बसली. चंद्राबाई शेजारणीला म्हणाली, "गणित लागलं." मी म्हणालो, "बाराचा पाढा." आणि पोशानं सुरुवात केली. माझ्या हातात हातोडा नव्हता, हे मला दिसत होतं. पण ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

पाढे पंधरापर्यंत गेले होते तेव्हा इंजिनाची शिटी झाली. सुटण्याची. शेतांपलीकडून धुराचा पट्टा पळसदरीच्या दिशेनं निघून गेला आणि अख्खं गाव तो बघत बसलं.

 दुसरी गाडी संध्याकाळी होती.

मालोजी काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "चल गं सुंदरा. तुज्या नशिबात नव्हतं म्हनायचं."

सुंदरा उठली नाही. तिनं माझ्या हातातलं, तास मोजायला आणलेलं माझ्या वडिलांचं घड्याळ वाकून पाहिलं. मग पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"दादा, कर्जत पाच मैल ना?"

"पाच."

"साडेधाला ऐंशी मिन्टं हायती. मैलाला सोळा." पाटी बगलेत मारून ती उभी राहिली. "बाबा, मी चालले." आणि ती खरंच चालायला लागली. चालायला कसली, पळायलाच.

 मालोजीनं नवं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि तो पोरीमागे धावला. त्याच्यामागे पोशा, धाऊ, आणि टोपी, फेटा, हॅट ही तिन्ही डोकी छातीशी धरून मी. गाडी चुकलेलं गावही बाजाराचं सामान घेऊन मागे निघालं. पळसदरीचे लोक आम्हाला बघून विचारत होते, "कुटं आग लागली?"

हायस्कुलाच्या दारात पोचलो तेव्हा साडेदहाला दोन मिनिटं कमी होती. पोरं चिखलानं गुडघ्यापर्यंत माखली होती. आम्हाला हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. मालोजी दारात थांबला. त्याच्या मागे चंद्राबाईची पाटी आणि दोन कोंबड्या दिसत होत्या.

हेडमास्तर मायाळू गृहस्थ होते. पण त्यांच्या डोक्यावर काळी टोपी होती.

"बाळ, तुझं गाव कोणतं?" त्यांनी पोशाला विचारलं.

पोशानं टोपीकडे पाहिलं. "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "आणि तुझे वडील काय करतात रे?"

"बारा चोक अठ्ठेचाळीस," धाऊ ठणकावून म्हणाला.

मी भिंतीकडे तोंड केलं. दारात मालोजीचा चेहरा उतरत चालला होता. हेडमास्तर सुंदराकडे वळले. "तू तरी सांग, मुली. गावाचं नाव?"

तिनं एकवार माझ्याकडे, एकवार टोपीकडे पाहिलं.  मग म्हणाली, "सर, टोपी काडा ना."

दारात कोंबडीनं एकदा आवाज केला.

"का बरं?"

"काळ्या टोपीत गणित असतं. गावाचं नाव फेट्यात असतं."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या छातीशी फेटा होता. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि सुंदरा घडाघडा बोलायला लागली. गावाचं नाव, बापाचं नाव, उंबर, घंटा, चुकलेली गाडी, पाच मैल, ऐंशी मिनिटं, मैलाला सोळा, आणि दोन मिनिटं उरली ती कशी, तेही.

हेडमास्तरांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "मैलाला सोळा, एवढं टोपी घालूनही चाललं असतं," ते म्हणाले. "उद्यापासून ये. आणि या दोघांनाही आण. पाढे पाठ आहेत."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर मालोजीनं माझा हात धरला.  "भाऊ," तो म्हणाला, "घेतली. तुमी शिकवून पन घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजीची घंटा झाली. सुंदरा, पोशा आणि धाऊ सात मिनिटांत स्टेशनावर होते आणि गाडीत बसून गेले. मी घरी खुंटीसमोर उभा होतो. हॅट काढून काळी टोपी घातली होती, आणि आता पुढे काय करायचं असतं ते आठवत होतो.

पाच मैल चालून अकरा वाजता मी हायस्कुलाच्या फाटकात शिरलो. इंग्रजी पहिलीच्या खिडकीत, बाकावर ताठ बसलेली सुंदरा मला दिसली. तिनं पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

मैलाला बावीस.