पुढच्या खोलीतली जपानी गाडी

"दोन रविवारांत गाडी जुळवतो. तिसऱ्या रविवारी तुला मागे बसवून फिरवून आणतो," विमा कचेरीत नोकरीला असलेल्या नवऱ्याने छाती पुढे काढून सांगितलं. टेम्पोतून उतरलेल्या पोत्यांकडे बायको बघतच राहिली. एका पोत्यातून हँडल डोकावत होतं, म्हणून ती मोटारसायकल समजायची. एरवी भंगारवाल्यानेही तिला ओळख दाखवली नसती.

"जुनी जपानी आहे. अशी आता बनत नाही," नवरा म्हणाला.

"बनत नाही ते बरंच आहे," बायको म्हणाली.

तिचं शिवणकाम पुढच्या खोलीत चालायचं. गाडीही तिथेच आली, कारण अंगणात धूळ आणि धुळीने इंजिनाचं वाटोळं होतं. सोबत आलेलं माहितीपुस्तक जपानीत होतं. नवरा ते कधी सुलटं धरी, कधी उलटं, आणि दोन्ही वेळा मान डोलावून म्हणे, "अच्छा, असं आहे होय!"

दोनाचे रविवार किती झाले हे विचारायची सोय राहिली नाही. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली रिकामी झाली. "तुझं मशीन जपानी, ही पण जपानी. घरचंच तेल आहे," हे त्यावरचं उत्तर. कार्बोरेटर चहाच्या पातेल्यात उकळला गेला. सासूबाईंनी त्याच पातेल्यातला चहा घेतला आणि म्हणाल्या, "आज कडक झालाय हं, सूनबाई." लेकाच्या हातून घडलेलं सगळं त्यांना गोडच लागायचं.

अशात तिला गायनवृंदाच्या पांढऱ्या झग्यांचं मोठं काम मिळालं. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं आणि हे नीट झालं तर पुढे नाटकवालेही येणार होते. मान मोडेस्तोवर शिवून तिने झगे इस्त्री करून खोलीतल्या दोरीवर टांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी गायनवाल्या बाई न्यायला येणार होत्या.

नेमक्या त्याच दुपारी नवरा म्हणाला, "गाडी जुळली. एकच किक मारून बघतो."

"झगे जाऊ देत, मग काय हवं ते मारा."

"अगं, धूर बाहेर जाईल. सोय केलीय."

सोय म्हणजे सायलेन्सरला सुतळीने बांधलेला प्लॅस्टिकचा पाइप. त्याचं दुसरं टोक खिडकीबाहेर होतं. बायको भाजी टाकायला आत वळली आणि त्याने किक मारली.

इतके दिवस मौन पाळलेली गाडी अशी ओरडली, की शेजारच्यांची खिडकी थरथरली. सुतळी सुटली, पाइप सापासारखा वळवळत जमिनीवर पडला आणि खोली निळ्या धुराने भरली. वेग वाढवायची तार अडकली होती. किल्लीचा भाग मिळत नाही म्हणून त्याने वायरी थेट जोडल्या होत्या. त्यामुळे गाडी सुरू कशी करायची हे त्याला ठाऊक होतं. बंद कशी करायची, याचा विचार अजून व्हायचा होता.

"बंद करा ती!"

"पुस्तक कुठंय?" धुरातून आवाज आला.

"बाळ्या, सुरू झाली रे," आतून सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. ते अश्रू आनंदाचे की धुराचे, हे कळायला मार्ग नव्हता.

बायको नाकाला पदर लावून अंगणात धावली आणि तिने दोरीसकट झगे खिडकीतून बाहेर ओढले. ते पांढरे राहिले, पण वास गॅरेजचा येऊ लागला. सगळे आजच धुवायचे, वाळवायचे, पुन्हा इस्त्री करायचे, या विचाराने ती अंगणातच बसली. तोवर शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला फोन केला होता.

लाल गाडी आली. जवान पाइप उलगडू लागले. त्यांचे साहेब आत गेले आणि क्षणात आवाज थांबला. त्यांनी प्लगची टोपी तेवढी उपटली होती.

"साहेब, ही घेऊन जा. जप्त करा, बुडवा, काहीही करा," बायको दारात हात जोडून म्हणाली.

साहेब हेल्मेट काढून गाडीपुढे गुडघे टेकून बसले होते. नवराही शेजारी बसला.

"टाकी मूळची?"

"मूळची."

"नशीबवान आहात." साहेबांनी सुस्कारा सोडला आणि संकोचत बायकोकडे वळले. "वहिनी, हिच्याच जातीचं एक इंजिन माझ्याकडे आहे. आमची ही घरात ठेवू देत नाही. इथे आणलं तर चालेल?"

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लगेच तिला वाटलं, जगात आपल्यासारखीच पोळलेली आणखी एक बाई आहे, तीच या माणसाला वठणीवर आणील.

"आधी तुमच्या घरचा नंबर द्या," ती म्हणाली. फोन लावून तिने इंजिन, धूर, झगे सगळं एका दमात सांगितलं. "आणि आता तुमचं इंजिन माझ्या घरात आणायचं म्हणतात. तुम्हीच समजवा यांना, ताई."



"एकच म्हणाले का हो ते?" ताईंनी हळूच विचारलं. "चार आहेत. मी लगेच टेम्पो बघते."