एकल प्रवास: मार्गदर्शक सूचना, आवृत्ती सहावी

एकट्याने प्रवास करणं हे एका माणसाचं काम नव्हे, हे सर्वमान्य आहे. पंधरा वर्षांची मुलगी एकटी विमानात बसवायची तर किमान तीन प्रौढ माणसं, एक छापील पुस्तिका आणि सहा आठवड्यांची पूर्वतयारी लागते. एवढी सोय झाली की मुलगी एकटी जाऊ शकते.

मिनेसोटातल्या डलूथ गावच्या बेरित सोलबर्गने ही सोय केली होती. बेरित शहराच्या पाणी प्रयोगशाळेत काम करत असे. सरोवराचं पाणी किती गढूळ आहे हे ती दिवसातून चार वेळा मोजायची आणि एकोणीस वर्षं ते कधीच गढूळ निघालेलं नव्हतं. (यामुळे माणूस बेसावध होतो असं कुणाला वाटेल. उलट होतं. आता निघेल, आता निघेल, अशी धास्ती वाढत जाते.) मुलगी टिल्डा डलूथहून शिकागोला आणि तिथे विमान बदलून आल्बुकर्कीला, बेरितच्या बहिणीकडे जाणार होती. त्यासाठी बेरितने अडतीस कलमांची पुस्तिका तयार केली. पहिल्या पाच आवृत्त्या टिल्डाने वाचल्या नव्हत्या. सहावी तिने वाचली असं ती म्हणाली.

खुद्द बेरित आयुष्यात चार वेळा विमानात बसली होती. चारही वेळा शेजारी नवरा होता आणि चारही वेळा तिने डोळे मिटलेले होते. पुस्तिकेतला 'उड्डाणादरम्यान' हा विभाग त्यामुळे थोडा त्रोटक आहे.

हा प्रवास म्हणजे एक चाचणी होती. आल्बुकर्कीच्या इंगामावशीने टिल्डाला पूर्ण शालेय वर्ष आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. तिथल्या शाळेला स्वतःची वेधशाळा आहे आणि वरती आकाशही आहे. डलूथमध्ये या दोन्हींचा तुटवडा. प्रवेशअर्जावर शुक्रवारपर्यंत आईची सही हवी होती. बेरितने निकष ठरवून दिले: प्रवासात दोनपर्यंत चुका झाल्या तर सही, तीन ते पाच झाल्या तर पुनर्विचार, सहा किंवा अधिक झाल्या तर हा विषय सोळाव्या वर्षी पुन्हा काढायचा. निकष निःपक्षपाती होते. चुका सहा व्हाव्यात असं बेरितला मनातून वाटत होतं, पण त्याचा मोजमापावर परिणाम होऊ न देण्याइतकी ती शास्त्रज्ञ होती.

इथे या भागातली एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की 'उगीच कशाला त्रास'. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी थोडीशी'. मग दोन कप कॉफी प्यायची. जो पहिल्यांदाच 'हो' म्हणतो तो हावरट, जो तीनदा विचारत नाही तो उद्धट. ताटलीतला शेवटचा तुकडाही कुणी उचलत नाही, जो तो त्याचा अर्धा घेतो. चर्चच्या तळघरात लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा सहा वेळा अर्धा होताना बेरितने स्वतः पाहिला होता. उरलेला चौसष्टावा भाग ताटलीबरोबर धुतला गेला आणि सगळे समाधानाने घरी गेले.

निघण्याच्या सकाळी सर्व काही पुस्तिकेप्रमाणे चाललं होतं. कलम एक ते तेरा (घर, सामान, मोजे) निर्विघ्न पार पडली. टिल्डाचा बाप अर्लन याने बॅग गाडीत ठेवली आणि पहिलं वाक्य बोलला.

"वाईट नाहीये दिवस."

या भागात याहून मोठी स्तुती नाही. लग्नाच्या दिवशी तो बेरितबद्दल जवळपास हेच बोलला होता.

पंधराव्या वर्षी विमान कंपनी मुलाला प्रौढ समजते. (राज्य सरकार गाडीसाठी सोळाव्या, मतासाठी अठराव्या आणि बिअरसाठी एकविसाव्या वर्षी समजतं. आई समजते की नाही यावर पुरेशी निरीक्षणं उपलब्ध नाहीत.) तरीही अल्पवयीन मुलाबरोबर आईबापांपैकी एकाला सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, थेट विमानाच्या दारापर्यंत जायचा पास मिळतो. तो विमान कंपनीच्या तिकीटखिडकीवर मिळतो. बेरितची सगळी योजना या पासवर उभी होती. कलम चौदा ते सत्तावीस, म्हणजे एकूण पुस्तिकेचा सदतीस टक्के भाग, 'आई शेजारी असताना' या गृहीतकावर होता. त्यात चाळीस मिनिटांचा निरोपही होता. तो इथल्या मानाने आटोपशीरच म्हणायचा. एरवी निरोप दिवाणखान्यात सुरू होतो, दारात पुन्हा होतो आणि मग गाडीच्या काचेत हात ठेवून मुख्य विषय निघतो.

खिडकीवर पूर्वी डोरिस असायची. एप्रिलमध्ये ती निवृत्त झाली. तिच्या जागी तीन आठवड्यांपूर्वी न्यू जर्सीहून विन्सेंट नावाचा गृहस्थ आला होता. त्याने टिल्डाचं तिकीट पाहिलं, बेरितकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, मुलीबरोबर आत जायचंय? पास देऊ?"

"नाही, नाही, राहू दे," बेरित म्हणाली. "तुम्हाला कशाला त्रास."

"ठीक आहे," विन्सेंट म्हणाला. "पुढचे या."

बेरित तशीच उभी राहिली. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात या जागी नेहमी आणखी एक प्रश्न येत असे. जिन्याच्या शेवटी आणखी एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं.

"आई," टिल्डा म्हणाली, "त्याने विचारलं होतं."

"ऐकलं मी."

"मग नाही का म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले नाही. मी पहिल्यांदा नाही म्हणाले."

अर्लनने हे ऐकलं आणि गाडी नीट लावली आहे का ते बघायला गेला.

आता सरळ परत जाऊन पास मागावा, असं एखाद्याला वाटेल. पण मागणं ही इथे शेवटची पायरी समजतात, आगीच्या बंबासाठी राखून ठेवलेली. घराला आग लागलेली नसेल तर माणूस सुचवतो. बेरित खिडकीशी परत गेली.

"आज गर्दी कमी आहे, नाही?"

"हो," विन्सेंट म्हणाला.

"आतून विमानं चांगली दिसत असतील."

"काच आहे मोठी. दिसतात."

"डोरिस होती पूर्वी इथे."

"असं सांगतात."

"ती फार विचारायची लोकांना."

विन्सेंटने पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्हाला काही हवंय का?"

हा दुसरा प्रश्न होता. नियमाप्रमाणे आता एकच उरला होता. बेरितच्या छातीत आशा हलली आणि तोंड आपल्या सवयीने बोलून गेलं, "अहो नाही, मला काय हवं असणार. तुम्ही तुमचं काम करा."

विन्सेंटने 'पंधरा मिनिटांत परत' अशी पाटी लावली आणि तो सँडविच खायला गेला. त्याला दोष देता येणार नाही. त्याला स्पष्ट शब्दांत दोनदा नकार मिळाला होता.

तपासणीची रांग सरकली. टिल्डाने आईला मिठी मारली, पाठीवर दोनदा थोपटलं आणि ती गेली. नियोजित निरोप: चाळीस मिनिटं. प्रत्यक्ष निरोप: अकरा सेकंद. पुस्तिका तिने बरोबर नेली. ट्रेमध्ये ती ठेवली गेली आणि तपासणीच्या यंत्रातून पुस्तिकेनेही एकटीनेच प्रवास केला.

बेरित गाडीत येऊन बसली. अर्लनने तिला थर्मासमधली कॉफी विचारली. ती नको म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं. ती नको म्हणाली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि ती रडायला लागली. (याची नोंद कशात करायची हे ठरलं नाही.)

"काय झालं?" अर्लनने विचारलं.

"शिकागोत ते लोक एकदाच विचारतात," बेरित म्हणाली.

अडतीस कलमांत हे कलम नव्हतं. चार्जरचं होतं, उलटीच्या पिशवीचं होतं, अनोळखी माणसाकडून गोळी घेऊ नये याचं होतं. पण ज्या मुलीला पाळण्यापासून पहिलं 'नको' शिकवलं तिला अशा गावी एकटं पाठवलं होतं जिथे दुसरा प्रश्न येतच नाही. कुणी म्हणेल, बाळ, वाट चुकलीस का? ती म्हणेल, नाही, नाही. तो म्हणेल, ठीक आहे. आणि टिल्डा शिकागोच्या विमानतळावर लिंबाच्या वडीसारखी अर्धी अर्धी होत संपून जाईल. बेरितने ही शक्यता कागदावर मांडून पाहिली. उत्तर एकाच्या जवळ आलं.

दीड तासाच्या त्या उड्डाणात तिने टिल्डाला फोनवर चौदा मेसेज पाठवले. पहिला होता: 'कुणी मदत देऊ केली तर घे.' चौदावा होता: 'पण लगेच नको.' तेरावा तिने नंतर वाचला तेव्हा तिला स्वतःलाच कळला नाही. विमानात फोन बंद असतात, हे कलम एकोणतीस. ते तिनेच लिहिलं होतं.

त्यानंतर साडेपाच तास काही कळलं नाही. या काळात बेरितने प्रयोगशाळेत जाऊन सरोवराच्या पाण्याचा गढूळपणा तीन वेळा मोजला. पाणी स्वच्छ होतं. त्याचा तिला राग आला.

संध्याकाळी जेवायच्या वेळी फोन वाजला.

"पोचले," टिल्डा म्हणाली.

"शिकागोत काय झालं?"

"गेट बदललं. दुसऱ्या टोकाला होतं. अठरा मिनिटं उरली होती."

"मग?"

"एक बाई होती काउंटरवर. म्हणाली, गाडीतून सोडू का? ती छोटी गाडी असते बघ, बॅटरीवरची. मी म्हणाले, हो."

बेरितने टेबलाचा कोपरा धरला. "कितव्यांदा?"

"काय कितव्यांदा?"

"तिने कितव्यांदा विचारल्यावर हो म्हणालीस?"

"पहिल्यांदा."

"टिल्डा, तिला काय वाटलं असेल?"

"तिला वाटलं असेल की मला गाडीतून जायचंय." टिल्डा म्हणाली, "गाडीत अजून दोन आजोबा होते. एकाने मला पेपरमिंट दिलं. तेही मी घेतलं. कलमात गोळी लिहिलंय, पेपरमिंट नाही. मजा आली. तुझे चौदा मेसेज तेव्हाच आले, सगळे एकदम. फोन मांडीवर माशासारखा तडफडत होता. आजोबा म्हणाले, घरी काही वाईट झालंय का."

"तू काय सांगितलंस?"

"म्हणाले, नाही, आई आहे."

पलीकडे थाळ्यांचा आवाज आला. इंगा वीस वर्षं तिकडे राहून काहीतरी तिखट करायला शिकली होती.

"आई, चुका मोजल्यास का?"

बेरितने समोरचा कागद पाहिला. दोन रकाने होते. टिल्डाच्या नावाखाली शून्य. आपल्या नावाचा रकाना तिने आखलेला नव्हता, पण अर्लनने दुपारी तो पेन्सिलीने आखून त्यात सात लिहिलं होतं आणि पुढे 'वाईट नाही' असा शेरा मारला होता.

"मग सही करशील?" टिल्डाने विचारलं. "मी एकदाच विचारतेय हं."

बेरितच्या तोंडात 'बघू' हा शब्द तयार होता. 'बघू' हा इथल्या हवेतच असतो, श्वासाबरोबर येतो. तिने तो गिळला. त्याला एक सेकंद आणि चार दशांश लागले.

"हो," ती म्हणाली.

पहिल्यांदा. अर्लनचा काटा हवेत थांबला. आयुष्यात इतका उघडा, इतका आडपडदा नसलेला शब्द तिने जेवणाच्या टेबलावर कधी उच्चारला नव्हता. काही झालं नाही. छत जागेवर होतं.

"थँक्यू," टिल्डा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, मग तो तिने पूर्ववत केला. "आणि ऐक ना. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होईल, तेव्हा तू येतेस का मला सोडायला? मावशी म्हणतेय, तूही राहा आठवडाभर."

"अगं नको," बेरित म्हणाली. "तू आता एकटी जाऊ शकतेस की. मी कशाला मध्ये."

"बरं," टिल्डा म्हणाली. "चल, जेवायला बोलावतायत."

फोन बंद झाला. बेरित तो हातात धरून बसली. अर्लनने भांडी धुतली, पुसली, फडताळात लावली. तो फोन तिने टेबलावर ठेवला, पण उलटा नाही, सुलटा. सातव्या आवृत्तीचं काम सुरू आहे. त्यात एकच नवं कलम आहे आणि ते टिल्डासाठी नाही.

एकदा नकार देऊन समोरच्याने दुसऱ्यांदा विचारावं म्हणून वाट बघत बसण्याची ही मिनेसोटातली पद्धत काही वाचकांना हास्यास्पद वाटली असेल, आणि ती आहेच. आपल्याकडे सगळं सरळ असतं. मागच्या वेळी तुम्ही आईला 'चार दिवस राहायला येतेस का' असं विचारलंत, ती 'नको रे, तुमची धावपळ, मी इथेच बरी आहे' म्हणाली, आणि तुम्ही 'बरं' म्हणून फोन ठेवलात.