थ्रिफ्टी कोण, स्टिंजी कोण

चष्मेवाल्याला हवी होती पेन्सिल. हाती लागली बायकोची इंग्रजीची वही. बायको दुपारच्या क्लासला जायला लागून दोन महिने झाले होते. या वेळी मॅडमनी गृहपाठच असा दिला होता, की संसार मोडावेत. जवळजवळ एकाच अर्थाची दोन-दोन विशेषणं घ्यायची, एक गोड, एक कडू, आणि प्रत्येकापुढे रोजच्या पाहण्यातला एक माणूस लिहायचा. उदाहरण ज्याचं त्याचं, मैत्रिणीला दाखवायचं नाही.

चष्मेवाल्यानं वाचायला सुरुवात केली.

'स्टिंजी म्हणजे चिक्कू. उदा. आमचे हे. साबणाच्या चिपा जोडून नवा साबण करतात.'

'थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी. उदा. समोरचे टेलरमास्टर. उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवतात.'

पुढे 'नोझी', म्हणजे भोचक, तिथे आमचे हे. 'क्युरिअस', म्हणजे जिज्ञासू, तिथे टेलरमास्टर. हट्टी कोण? आमचे हे. ठाम कोण? अर्थातच मास्टर! चष्मेवाल्याच्या पायाची आग मस्तकात गेली.

"मी भोचक?" त्यानं स्वयंपाकघराच्या दारात वही नाचवली.

"माझी वही कुणी उघडायला सांगितली होती?" बायको म्हणाली. "भोचक नाही तर काय?"

त्यानं वही होती तिथे नेऊन आपटली. चिक्कू म्हणा, हट्टी म्हणा, तेही एक वेळ चाललं असतं. पण बायकोच्या लेखी तो टेलर आपल्यापेक्षा सरस? वीस वर्षं संसार आपण केला आणि गोड शब्द सगळे समोरच्या दुकानात! त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेमके मास्टरच मोडका चष्मा घेऊन आले.

"दांडी निखळलीय हो. जवळचं काही दिसत नाही."

काम दोन मिनिटांचं होतं. "स्क्रू संपलेत," चष्मेवाला म्हणाला. समोर स्क्रूची डबी भरलेली होती, ती त्यानं कोपरानं हळूच मागे सारली. "आठ दिवस लागतील."

मास्टरांनी डबीकडे पाहिलं, चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

आठ दिवस चष्मेवाल्यानं दुकानातून मास्टरांवर पाळत ठेवली. त्या नादात एका गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला लावून तो विसरलाच. ते बिचारं चार वेळा तक्ता वाचून उठून गेलं. मास्टरांत असं आहे तरी काय? टक्कल आहे, पोट आहे. तेवढं तर आपल्याकडेही आहे!

आठव्या दिवशी, वही हाती लागण्याआधीच दिलेली त्याची पँट उंची कमी करून मास्टरांकडून आली. घालून पाहतो तर डावा पाय बरोबर आणि उजवा चार बोटं वर. तो तसाच रस्ता ओलांडून गेला.

"हे काय केलंत, मास्टर?"

"चष्मा नाही ना. दिसत नाही."

"उगाच सोंग करू नका! तुम्ही डोळे मिटूनसुद्धा टेप लावता."

"मग तुमच्याकडे डबीभर स्क्रू होते, ते कुठे गेले?" मास्टर उसळले. "हो, मुद्दाम केलंय! आणि आणखी एक पँट आणा, तीही करतो!"

"पण मी तुमचं काय घोडं मारलं?"

मास्टरांनी खणातून एक वही काढली आणि हातभर लांब धरून वाचायला सुरुवात केली. अक्षर त्यांच्या बायकोचं होतं; तीही त्याच क्लासला जायची. " 'स्टिंजी. उदा. आमचे हे. तुकडासुद्धा टाकत नाहीत. थ्रिफ्टी. उदा. समोरचे चष्मेवाले. साबणसुद्धा वाया घालवत नाहीत.' पुढे ऐका! भोचक मी, जिज्ञासू तुम्ही. हट्टी मी, ठाम तुम्ही! पंचवीस वर्षं मी मशीन मारतोय आणि ठाम कोण? तुम्ही!"

चष्मेवाल्याचा राग कुठल्या कुठे पळाला. "जरा ते ठाम परत वाचा," तो म्हणाला. मग त्यानं आपल्या घरच्या वहीत काय आहे ते सांगितलं. मास्टर गोरेमोरे झाले, मग लाजले, मग म्हणाले, "जिज्ञासू? खरंच?"

त्याच संध्याकाळी मास्टरांना चष्मा मिळाला. चष्मेवाला मात्र तशाच पँटीत शीळ घालत घरी आला.

"एवढं काय झालंय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. मास्टरांच्या बायकोनं मला थ्रिफ्टी लिहिलंय. क्युरिअस आणि फर्मसुद्धा."

बायकोचा हात थांबला. "तिनं? तुम्हाला? तिला काय माहीत तुम्ही ठाम आहात का ते?"

"लांबूनही कळतं काही जणींना."

"लांबून बघते होय? बघते किती वेळ?" तिनं वही ओढली, खोडरबर घेतलं आणि पान फाटेल इतक्या जोरानं 'स्टिंजी'पुढचं 'आमचे हे' खोडलं. "माझ्या नवऱ्याला चांगलं म्हणायला मी अजून जिवंत आहे म्हणावं." बघता बघता तिन्ही गोड शब्दांपुढे 'आमचे हे' आले आणि टेलरमास्टर कडू शब्दांकडे गेले.

चष्मेवाला पाठीमागून वाकून बघत होता. त्याचा ऊर भरून आला. एवढ्यावर थांबला असता तर शहाणा म्हटलं असतं.

"शेवटी तिनं हँडसमसुद्धा लिहिलं होतं," त्यानं ठोकून दिलं.

बायकोनं मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. तिनं पेन्सिल टेकवली, पुन्हा उचलली आणि वही मिटली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "मॅडम उदाहरणं तपासतात."